घर विकायला काढलंय, पण फोन येत नाहीत: दोष फोटोंचा की किमतीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, राजांगण (घराच्या मधोमध उघडं अंगण) असलेलं, मागे थोडं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग. तुम्ही पुण्याला, घर बंद. जूनमध्ये तीन एजंटांकडे विकायला दिलं. तीन महिन्यांत जे फोन आले ते बहुतेक दुसऱ्या दलालांचेच. फोटो अंधारे आणि वाकडे आलेत असं एजंटाला सांगितलं तर तो म्हणतो, ‘फोटो बघून कोणी घर घेत नाही, भाव दहा टक्के उतरवा.’ चुलतभावाचं म्हणणं, ड्रोनवाला फोटोग्राफर बोलावू या. ऐकायचं कोणाचं?

मी गोव्यात घरांचे फोटो काढण्याचं काम करतो, एजंटांसाठीही आणि थेट घरमालकांसाठीही. फोटो वाईट आहेत हे तुमचं बरोबर आहे. पण दोष एजंटाच्या मोबाईलचा नाही. तुम्ही घर ज्या पद्धतीने दिलंय, त्या पद्धतीत चांगले फोटो काढणं कोणत्याच एजंटाला परवडत नाही. त्यामुळे नुसता एजंट बदलून किंवा ड्रोन उडवून फरक पडणार नाही. फोटोंची जबाबदारी तुम्ही स्वतःकडे घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

आधी किमतीचं बघू. घर विकलं जाण्याच्या वाटेवर चार टप्पे असतात: जाहिरात दिसते, फोन येतो, माणूस बघायला येतो, मग बोलणी होतात. गाडी नेमकी कुठे अडलीय ते शोधायचं. पोर्टलवरची जाहिरात किती जणांनी उघडली हे एजंटाला त्याच्या खात्यात दिसतं. तो आकडा मागून घ्या. जाहिरात कोणी उघडतच नसेल, तर पहिला फोटो किंवा वर दिसणारा भाव लोकांना दूर ठेवतोय. उघडतात पण फोन करत नाहीत, तर आतले फोटो आणि माहिती अपुरी आहे. फोन येतात पण बघायला कोणी येत नाही, तर रस्ता, पाणी, कागद यांबद्दल फोनवर मिळणारी उत्तरं पटत नाहीत. बघून जातात आणि पुन्हा फोन करत नाहीत, तर फोटोत जे दिसलं ते घरात सापडलं नाही, किंवा भाव खरोखर जास्त आहे. भाव उतरवायचा सल्ला या शेवटच्या टप्प्यावर देण्यासारखा. तुमच्याकडे तर अजून बघायलाच कोणी आलेलं नाही.

शिवाय जून ते ऑगस्ट म्हणजे भर पावसाचे महिने. मुंबई, दिल्ली, बंगळूरचा माणूस घर बघायला म्हणून गोव्यात येतो तो बहुतेक पाऊस सरल्यावर. तेव्हा या तीन महिन्यांवरून भावाचा निकाल लावू नका. अर्थात तुमच्याच वाड्यावर असंच घर गेल्या वर्षभरात बऱ्याच कमी किमतीला गेलं असेल, तर फोटो कितीही चांगले काढले तरी ते अंतर भरून निघणार नाही. ही चौकशी गावात करा, पोर्टलवर नको. पोर्टलवर लोक मागतात तो भाव असतो, मिळाला तो नसतो.

आता एजंटांचे फोटो असे का असतात ते. गोव्यात एकच घर तीन-चार जणांकडे देण्याची पद्धत रूढ आहे. मालकाला वाटतं जितके एजंट तितकी गिऱ्हाईकं. प्रत्यक्षात दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. ज्या एजंटाला माहीत आहे की हेच घर आणखी दोघांकडे आहे आणि त्यांच्यापैकी कोणी आधी विकलं तर आपल्या हाती काहीच लागणार नाही, तो फोटोग्राफरला पैसे देणार नाही, अर्धा दिवस थांबणार नाही, खिडक्याही सगळ्या उघडणार नाही. किल्ली घेऊन आला, पाच मिनिटांत खोल्यांतून फिरला, गेला.

दुसरं कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. तुमच्या नऊ फोटोंत घराचा दर्शनी भाग एकाही फोटोत नाही. वृंदावन नाही, फाटक नाही, समोरचा रस्ता नाही. हे विसरून झालेलं नाही, जाणूनबुजून केलेलं आहे. दर्शनी भाग दाखवला की दुसरा दलाल घर ओळखतो आणि थेट मालकाला गाठतो. कधी गिऱ्हाईकच गावात विचारत विचारत येतं आणि मधली दलाली वाचवायला बघतं. एजंटाची ही भीती खोटी नाही, असे प्रकार घडतात. पण परिणाम असा की विकायला काढलेल्या घराचा चेहराच झाकलेला. मग तेच फोटो व्हॉट्सअॅपवर एका दलालाकडून दुसऱ्याकडे जातात, प्रत्येक जण आपलं नाव वर छापतो, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो फोटो पुसट आणि त्यावर तीन फोन नंबर. तुम्हाला दलालांचेच फोन का आले, त्याचं उत्तर यात आहे.

तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट बघितले. पहिला फोटो हॉलचा, मोबाईल उभा धरून काढलेला. ट्यूबलाईट चालू, बाहेर ढगाळ उजेड. त्यामुळे भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळट. खिडकी पांढरी फट्ट, बाहेर काय आहे ते कळत नाही. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक, भिंतीवर जुनं कॅलेंडर. खोली रुंद दिसावी म्हणून मोबाईलची ०.५ची लेन्स वापरलीय, तिने कडेचा खांब बाहेरच्या बाजूला कललाय आणि दाराची चौकट वाकलीय. राजांगण सहाव्या फोटोत आहे, तेही दोरीवर वाळत घातलेल्या गोणपाटाआड. नववा फोटो न्हाणीघरातल्या बादलीचा. हे बघणाऱ्याला काय कळतं? घर जुनं आहे, अंधारं आहे आणि कोणाचं लक्ष नाही. त्यातलं फक्त पहिलं खरं आहे.

तुमचं घर घेणारा माणूस बहुधा गोव्याबाहेर असेल: मुंबईचा, बंगळूरचा, किंवा आखातात नोकरी करणारा आपलाच गोंयकार. तो तुमचं घर पहिल्यांदा मोबाईलवर बघणार आणि सुट्टी काढून विमानाचं तिकीट घ्यायचं की नाही, एवढंच त्या क्षणी ठरवणार. फोटोंचं काम घर सुंदर दाखवणं नाही. ज्याला असंच घर हवंय त्याला ते ओळखू येणं आणि ज्याला नको त्याने फोनही न करणं, दोन्ही साधलं की फोटो चांगला. जुन्या घराच्या बाबतीत गिऱ्हाईकाचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी दारापर्यंत येते का? शेजार किती जवळ? कौलांची आणि वाशांची स्थिती काय? विहीर आहे का, तिला उन्हाळ्यात पाणी असतं का? उजेड कुठून येतो? घराच्या कोणत्या भागात मागाहून स्लॅब घातलाय? फोटो या प्रश्नांच्या क्रमाने लावा.

म्हणजे पहिला फोटो दर्शनी भागाचा, वृंदावनासकट. दुसरा राजांगणाचा, तुमच्या घराचा जीव तिथे आहे. मग वसरी (ओसरी), मग हॉल, माजघर, खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर स्वच्छ करून. मग छताचा आतून एक फोटो, वासे आणि कौलं दिसतील असा. मग विहीर, कुळागर, आणि शेवटी मुख्य रस्त्यावरून घराकडे येणाऱ्या वाटेचा. हा शेवटचा फोटो कोणी काढत नाही आणि मी कधीच सोडत नाही. वाट अरुंद असेल तर अरुंदच दिसू दे. ज्याला मोठी गाडी दारात लावायची आहे तो येऊन, बघून, नाही म्हणून जाण्यापेक्षा न आलेला बरा. एकूण पंधरा-वीस फोटो पुरे. आणि एक साधा आराखडा जोडा, मापं टाकलेला, हाताने काढलेला असला तरी चालेल. चौसोपी घरात कोणती खोली कुठे उघडते हे नुसत्या फोटोंवरून परक्याला कळत नाही.

उजेडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. घर पूर्वाभिमुख आहे असं तुम्ही लिहिलंय. मग दर्शनी भाग सकाळीच काढायचा, ऊन समोरून पण तिरपं असताना. दुपारनंतर तोंडावर सावली येते आणि मागचं आकाश पांढरं पडतं. राजांगणाचं उलट. तिथे थेट ऊन उतरलं की निम्मी फरशी झगझगीत आणि निम्मी काळी येते. सूर्य कौलांच्या वर यायच्या आधी किंवा उतरल्यावर चारी बाजूंनी सारखा मऊ उजेड पडतो, तेव्हा खांब, पायऱ्या, पागोळ्यांचा दगड सगळं वेगवेगळं दिसतं. म्हणजे एकाच फेरीत सगळे फोटो होणार नाहीत. एक सकाळ आणि एक संध्याकाळ द्यावी लागेल. हे वाचणाऱ्या ज्यांचं घर उत्तराभिमुख आहे त्यांच्यासाठी: गोवा साधारण साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो तो फक्त मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. हिवाळ्यात अशा घराच्या दर्शनी भागावर ऊन जवळजवळ पडतच नाही. वाट बघत बसू नका. सूर्य मावळल्यावर, आकाशात अजून निळा उजेड असताना घरातले दिवे लावून काढा.

ऋतूचाही विचार करा. पावसानंतर चिऱ्याच्या गडग्यावर आणि जोत्यावर शेवाळ असतं, ते पुढे सुकून काळं पडतं आणि फोटोत ओल असल्यासारखं दिसतं. ते घासून काढायला लावा. भिंतीला पावसासाठी बांधलेलं प्लॅस्टिक सोडा. दिवाळीच्या आसपास घर साफ, कुळागर हिरवंगार आणि आकाश धुतलेलं, असा काळ मिळतो, तो धरा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तुम्ही घर उघडणारच आहात, तेव्हा साफसफाईला सुरुवात करा आणि मोबाईलवर सराव म्हणून फोटो काढून बघा, पण ते जाहिरातीला वापरू नका. गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधलेलं घर आपल्याला कितीही प्रिय असलं तरी बघणाऱ्याला खोली दिसत नाही, आणि फोटो कधीचा आहे तेही कळतं.

एक गोष्ट घर बंद असल्यामुळे विशेष करून सांगावीशी वाटते. देवघरातल्या मूर्ती, चांदीची उपकरणी, शिसवी कपाटं, जुनी चिनी मातीची भांडी जाहिरातीत दाखवू नका. कडी-कुलपांचे जवळून फोटो नकोत. घरात कोणी राहत नाही असं जाहिरातीत लिहू नका. किमती वस्तू आधी हलवा, मग फोटो काढा. घरच्या माणसांच्या तसबिरीही उतरवा. बाकी सामानाबद्दल माझा नियम साधा आहे: प्लॅस्टिक, कॅलेंडर, गोणपाट, औषधांच्या बाटल्या बाहेर; एखादं जुनं बाकडं, झोपाळा असेल तर राहू द्या, खोलीचं माप त्यावरून कळतं.

फोटोग्राफर लागेलच असं नाही. पैसे आणि वेळ यांवर ते अवलंबून आहे. स्वतः काढणार असाल तर मोबाईल आडवा धरा, तिपाईवर लावा, कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेघा चालू करा आणि दाराची चौकट त्या रेघेला समांतर ठेवा. उंची छातीच्या थोडी खाली, चार फुटांच्या आसपास. डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की जमीन जास्त आणि छत कमी येतं, आणि मोबाईल वर-खाली कलवला की भिंती पडायला लागतात. ०.५ची लेन्स अगदी लहान खोलीपुरती, बाकी सगळीकडे मुख्य लेन्स. दिवे बंद, खिडक्या-दारं सगळी उघडी. खिडकी पांढरी पडत असेल तर स्क्रीनवर खिडकीवर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. जुन्या घराच्या आतल्या खोल्या मात्र मोबाईलला जड जातात. तिथे एकच चौकट कमी-जास्त उजेडात तीन-चार वेळा घेऊन जोडावी लागते आणि अनुभवी माणूस ते लवकर करतो. तुमच्या घरासाठी मी फोटोग्राफरच घ्या म्हणेन. फ्लॅट असता तर कदाचित म्हटलं नसतं.

ड्रोनचा आग्रह धरू नका. तुमच्याकडे घरामागचं कुळागर आणि जमिनीची हद्द दाखवायला एखादा फोटो उपयोगी पडेल, पण वरून आधी दिसतात ती कौलं. फुटलेली असतील तर आधी ती शाकारून घ्या. ‘ड्रोन नियम २०२१’ प्रमाणे कुठे उडवता येतं याचा रंगीत नकाशा डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवर आहे. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे गोव्यात सरसकट कुठेही ड्रोन उडवता येत नाही. तुमचं गाव नकाशात कोणत्या रंगात येतं ते उडवणाऱ्याने आधी दाखवलं पाहिजे. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

फोटो सुधारताना उजेड आणि रंग नीट करायला हरकत नाही. घरावरून जाणारी विजेची तार पुसणं, ओलीचा डाग झाकणं, रिकाम्या खोलीत संगणकाने फर्निचर मांडणं मी करत नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. विमानाने आलेला माणूस फाटकातून आत येताच ती तार बघतो. पुढे तुम्ही कितीही खरं सांगितलं तरी त्याचा विश्वास बसत नाही, आणि घासाघीस तिथूनच सुरू होते.

खर्चाचा हिशेब असा. समजा घराचा भाव दीड कोटी आणि दलाली दोन टक्के. दलाली झाली तीन लाख. एजंट सांगतो ती दहा टक्के सूट म्हणजे पंधरा लाख. साफसफाई, कौलांची डागडुजी आणि चांगले फोटो मिळून यातल्या कोणत्याही आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.

फोटोंचे पैसे तुम्हीच द्या, यामागे कायद्याचंही कारण आहे. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्यांचा पहिला मालक पैसे देणाराच ठरतो. एजंटाने पैसे दिले तर फोटो एजंटाचे, आणि उद्या एजंट बदलला की ते वापरायचे की नाही यावरून वाद. तुम्ही दिलेत तर तुमचे. फोटोग्राफरशी एका ओळीत लिखित ठेवा की मूळ फाईली मला मिळतील आणि मी त्या कोणालाही देऊ शकेन.

मग एकच संच सगळ्यांना द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. मात्र मोबाईलने काढलेल्या मूळ फाईलमध्ये ठिकाणाची नोंद राहू शकते, म्हणून काढतानाच लोकेशन बंद ठेवा. शक्य असेल तर तिघांऐवजी एकाच एजंटाला तीन महिन्यांसाठी लिहून द्या, अट एवढीच की तुमचे फोटो तुमच्या क्रमाने लागतील, दर्शनी भागासकट. दुसरा कोणी घर ओळखून परस्पर विकेल ही त्याची भीती या लिखापढीने बरीच कमी होते. एकालाच द्यायचं मन होत नसेल तर निदान तिघांकडे एकच भाव आणि एकच फोटो असू द्या. तीन ठिकाणी तीन भाव दिसले की गिऱ्हाईक सगळ्यात कमी भावापासून बोलायला लागतं.

फोटोग्राफरला बोलवायच्या आधी कागद मात्र बघून घ्या. घर वडिलोपार्जित आहे म्हणजे इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया) झालीय का, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाची नावं आहेत, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) किंवा कूळ म्हणून कोणाची नोंद आहे का, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे. गोव्याच्या कायद्यात लग्न सामायिक मालमत्तेच्या पद्धतीचं असेल तर हिस्सेदाराबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. चुलतभावांचा हिस्सा असेल तर त्यांच्या घरच्यांशीही आत्ताच बोला. हे वकिलाचं काम आहे. मी ते सांगतोय कारण चांगल्या फोटोंनी फोन लगेच यायला लागतात, आणि ‘कागद दोन महिन्यांत होतील’ असं ऐकल्यावर तो माणूस पुन्हा फोन करत नाही.

तेव्हा आत्ता एजंटाला भाव आहे तोच ठेवायला सांगा आणि जुनी जाहिरात तिन्ही ठिकाणांहून उतरवायला लावा. महिनोन् महिने पडून राहिलेली जाहिरात बघून लोक घरात काहीतरी खोट आहे असं धरून चालतात. चवथीला साफसफाई आणि कागदांची चौकशी, दिवाळीच्या सुमाराला फोटो, मग नव्या फोटोंसह नवी जाहिरात. डिसेंबर-जानेवारीत बघायला येणारे आले आणि तरी बोलणी पुढे सरकली नाहीत, तर फेब्रुवारीत भावाचं बोलू. तेव्हा किती जणांनी जाहिरात उघडली, किती जणांनी फोन केला आणि किती जण घर बघून गेले हे तिन्ही आकडे इथेच लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.